आधी वर बघा

जगताप भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते. माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, तोयोसुच्या ऑफिसात नवे आलेले प्रोजेक्ट मॅनेजर, एवढंच कानावर होतं. दारात बूट काढले, मान वर केली आणि आमचं छत, छताचा दिवा, कपाटावर रचलेल्या सुटकेसी असं सगळं नीट पाहून घेतलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी. मला वाटलं, जाळी-जळमटं बघतोय हा माणूस.

"वैनी, त्या बॅगा उतरवून ठेवा," ते म्हणाले. "झोपेत असताना आला तर थेट कपाळावर येतील तुमच्या."

"कोण आला तर?"

"भूकंप."

ही आमची ओळख. त्यांच्या मागे त्यांची बायको सुनीता उभी होती. ती हसून म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. यांचा पृथ्वीवरच विश्वास नाही, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात." मी हसले, पण रात्री श्रीकांतला झोपू दिलं नाही, बॅगा उतरवायला लावल्या. मी मुळात भित्री. पुण्याहून नवऱ्याच्या पाठोपाठ इथे आले तेव्हापासून जमीन जरा थरथरली की माझी पाचावर धारण बसायची. पण मी लाजेपोटी ते लपवायचे. हा माणूस स्वतःची भीती इथली माणसं व्हिजिटिंग कार्ड देतात तशी दोन्ही हातांनी पुढे करायचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पायाखालचं आपल्या हातात नसतं वैनी, डोक्यावरचं असतं." हॉटेलात गेलो की ते झुंबराखालचं टेबल नाकारायचे. पुस्तकांच्या दुकानात उंच कपाटांच्या मधून जायचे नाहीत. ऑफिसातले जपानी लोक कौतुकाने म्हणायचे, जगताप-सान आमच्यापेक्षा जास्त जपानी आहेत. श्रीकांत मात्र घरी येऊन नक्कल करायचा आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

मग एकदा ते हसणं बंद झालं. चहा पिताना मी सहज म्हटलं, "भाऊजी, एवढी भीती वाटते तर जपानात कशाला आलात? ही तर आगीतून फुफाट्यातली गत." त्यांनी कप खाली ठेवला.

"आगीतूनच आलोय वैनी. आमचं गाव पाटणकडचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अगदी लहान. मला कडेवर घेऊन आई बाहेर पळाली. अक्का आतच होती. घराचं आढं तिच्यावर आलं." मग म्हणाले, "आई जन्मभर एकच म्हणायची. वर काय आहे ते कुणी बघितलंच नाही गं."

सुनीताने कप उचलून परत त्यांच्या हातात दिला. तिने हे पुष्कळदा ऐकलं असणार. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना होती, आणि भाऊजींच्या सगळ्या भीतीचं टोक या एका बाईपाशी येऊन थांबायचं. ती ग्योतोकु स्टेशनजवळच्या कोनबिनीत बाइतो करायची. म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम. जरा हादरा बसला की ते ऑफिसातून तिला फोन लावायचे. फोन लागला नाही की त्यांचा चेहरा पांढराफटक. "मोठा आला आणि मी तोयोसुत, ही ग्योतोकुत, मध्ये खाडी, गाड्या बंद, पूल बंद. कसा पोचू मी हिच्यापर्यंत?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शेवटी उत्तर त्यांनीच शोधलं. चिबा प्रांताच्या समुद्राकडच्या भागात, एका शेताच्या कडेला, त्यांना एक जुनी पिकअप दिसली. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, फिकट हिरवी. वरची बॉडी ठणठणीत आणि खालची चासी, म्हणजे जिच्यावर गाडीचं सगळं अंग बसतं तो लोखंडी सांगाडा, खाऱ्या वाऱ्याने बिस्किटासारखा झालेला. गाडी होशिनो नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. भाऊजींनी ठरवलं, चारही चाकांना ताकद असलेल्या दुसऱ्या धडधाकट ट्रकची चासी आणायची आणि तिच्यावर ही जुनी बॉडी चढवायची. रस्ते फुटले, पूल खचले, तरी चढून जाईल अशी गाडी करायची.

"अहो, नवी फोर-व्हीलच घ्या की आख्खी," श्रीकांत म्हणाला.

"नवीत सॉफ्टवेअर असतं," भाऊजी म्हणाले. "आणि सॉफ्टवेअर कोण लिहितं? आपण. ज्यात आपला हात लागलाय त्याच्यावर मी बायकोचा जीव टाकणार नाही." मग जुन्या बॉडीच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून म्हणाले, "हा आवाज ऐका. हे छप्पर डोक्यावर आलं तरी वाकणार नाही."

त्यांना या कामाची माहिती होती. वडील कराड-पाटण वडाप चालवायचे. जीपमध्ये माणसं कोंबून नेण्याचा आमच्याकडचा तो धंदा, आणि बिघडलेली जीप रस्त्यातच दुरुस्त करत भाऊजी मोठे झालेले. होशिनो आजोबांनी त्यांची शेड वापरायला दिली. दर शनिवारी आम्ही चौघं डबे घेऊन जायचो. पुरुष स्पॅनर घेऊन गाडीशी झटायचे, सुनीता नि मी आजोबांच्या शेतात वांगी तोडायचो. आजोबा आमच्या मोडक्यातोडक्या जपानीला मान डोलवायचे आणि काकड्या हातात द्यायचे. या शनिवारांनी मला जपान जरा आपलं वाटायला लागलं होतं.

बॉडी आणि चासी एकमेकांची नव्हती, त्यामुळे काहीच जुळत नव्हतं. बॉडीचे पाय एकीकडे, चासीचे कान दुसरीकडे. नवे आधार कापून वेल्ड करायचे, मध्ये रबराच्या गाद्या बसवायच्या, मग शेडच्या तुळईला टांगलेल्या साखळीच्या कप्पीने बॉडी वर उचलायची, खाली चासी ढकलायची, बॉडी उतरवून बघायची, जमत नाही म्हणून परत उचलायची. प्रत्येक वेळी भाऊजी बॉडीखाली चार लोखंडी घोडे, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे टेकू, लावायचे, आणि ते लागल्याशिवाय कुणालाही जवळ फिरकू द्यायचे नाहीत. श्रीकांतने एकदा घाईने हात घातला तर त्याच्यावर असे ओरडले की आजोबांच्या हातातला चहा सांडला. "साखळी म्हणजे वचन," ते म्हणायचे. "घोडा म्हणजे जमीन. वचनाखाली जायचं नाही."

बॉडीची ती हिरवी केबिन वर टांगलेली बघितली की मी लांबून वळसा घालून जायचे. मी हे सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आणि हे भाऊबहीण शोभता."

दसरा आला. खंडेनवमीला सुट्टी कुठली, म्हणून जवळचा रविवार धरून आम्ही पूजा शेडमध्येच करायची ठरवली. कल्पना भाऊजींचीच. त्यांच्याकडे वडील दरवर्षी जीप धुऊन तिला झेंडूची माळ घालायचे, पान्यांची आणि जॅकची पूजा करायचे, आणि त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचे नाहीत. हत्यारांनाही एक दिवस विश्रांती. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा भाऊजींनी सगळी हत्यारं साबणाने धुऊन एका ताडपत्रीवर ओळीने मांडली होती. स्पॅनर, हातोडे, वेल्डिंगचा मुखवटा, सगळं चकचकीत. आणि ओळीच्या शेवटी, झेंडूच्या एकेका फुलासकट, चार घोडे.

मला ते खटकलं नाही. कुणालाच नाही. श्रीकांतने विचारलं तेवढं, "घोडे काढले?" भाऊजी म्हणाले, "सगळ्यात जास्त भार यांनीच पेललाय. यांची पूजा नको? आणि आज काम बंद. आज खाली जातंय कोण?"

वर केबिन नुसत्या साखळीवर होती. एवढा जपून वागणारा माणूस, त्याचा हिशोबही चुकीचा नव्हता. आज कुणी हत्यार उचलणार नव्हतं, म्हणजे कुणी गाडीखाली जाणार नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पूजा हत्यारांची असते तशी गाडीचीही असते, आणि आपल्याकडे हळदीकुंकू लावते ती घरातली बाई.

दुपार व्हायला आली होती. ऊन चांगलं होतं. भाऊजी शेडबाहेर नळावर नारळ धूत होते. श्रीकांत आणि आजोबा फुलांच्या पिशवीशी काहीतरी करत होते. सुनीताने हत्यारांना एकेक करून हळदकुंकू लावलं, मग करंडा डाव्या हातात घेऊन उठली आणि चासीकडे गेली. मी दारापाशी फळं चिरत होते. चासीच्या पुढच्या बाजूला, उजव्या पट्टीवर, तिचा नंबर ठोकलेला असतो. गाडीची खरी ओळख तीच, वर कुठलीही बॉडी बसवा. सुनीताला भाऊजींनीच हे कधीतरी सांगितलं होतं. तिने विचार केला असणार, कपाळ म्हणून कुंकू लावायचं तर तिथेच. ती वाकली, आणि खांद्यापर्यंत त्या केबिनच्या खाली गेली.

मी बघितलं. तोंड उघडलं. 

त्याच वेळी ताडपत्रीवरची हत्यारं एकमेकांवर किणकिणायला लागली. आधी वाटलं, कुणाचा तरी पाय लागला. मग साखळी करकरली, मग जमीन बाजूला सरकली. "जिशिन!" आजोबा ओरडले, म्हणजे भूकंप. मी चौकट धरली. ती केबिन हलायला लागली, आधी हळू, मग झोका घेतल्यासारखी, आणि तिच्याखाली सुनीताची पाठ आणि तिची निळी साडी.

भाऊजी नळापाशी होते. मला ते स्पष्ट दिसत होते. त्यांनी नारळ टाकला आणि वर बघितलं. सवयीने. उघड्या आभाळाखाली उभा असलेला माणूस स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते बघत होता. मग त्यांची मान खाली आली, त्यांनी शेडमध्ये बघितलं, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

ते कसे पोचले ते मी सांगू शकत नाही. त्यांनी सुनीताला कमरेला धरून मागे खेचलं आणि दोघं पाठीवर पडले. केबिनला साखळीशी बांधणारा पुढचा पट्टा सुटला आणि केबिनचा कोपरा चासीवर आदळला. घंटा फुटावी तसा आवाज झाला. मग हादरा थांबला. पत्रे काही वेळ वाजत राहिले.

सुनीताचा डावा हात कोपरापर्यंत लाल होता. साडी लाल, भाऊजींचा शर्ट लाल. ते तिचा हात दोन्ही हातांत धरून बसले होते आणि बघत नव्हते. डोळे घट्ट मिटलेले. "किती गेलाय?" ते विचारत होते. "वैनी, सांगा, हात किती गेलाय?" मला पुढे जाववेना.  शेवटी सुनीताच म्हणाली, अगदी हळू, "अहो, कुंकू आहे. कुंकू आहे ते."

तिने बोटं हलवून दाखवली. पाचही होती. चासीवर, नंबराशेजारी, चांदीचा करंडा रुपयासारखा चपटा झाला होता.

त्या दिवशी कुणी नारळ फोडला नाही. आजोबांनी हिरवा चहा आणून दिला. परतीच्या गाडीत भाऊजी माझ्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "वैनी, मी वर बघितलं. तिच्याकडे नाही बघितलं." मी म्हटलं, "भाऊजी, पोचलात ना तुम्ही." त्यांनी मान हलवली. "आधी वर बघितलं मी."  

त्यानंतर ते शेडकडे फिरकेनात. केबिन तशीच, एक कोपरा चासीवर आणि बाकी साखळीला, वाकडी लटकत राहिली. होशिनो आजोबांनी त्याच दिवशी तिच्याखाली घोडे लावून टाकले होते. श्रीकांत म्हणाला, विकून टाका लोखंड म्हणून. भाऊजी हो म्हणाले. नाही म्हणाली ती सुनीता.

"अर्धवट टांगून ठेवायचं नाही," ती म्हणाली. "मला स्वप्नात ती अजून हलताना दिसते. खाली उतरवा तिला. नीट बसवा. बोल्ट घट्ट करा. मी समोर उभी राहून बघणार आहे."

म्हणून ते काम पुरं झालं. सुनीता प्रत्येक शनिवारी शेडच्या दारात उभी राहायची. भाऊजी बोल्ट आवळताना मध्येच थांबून वळून बघायचे, ती आहे का. ती वर बघत असायची, तुळईकडे, कप्पीकडे, साखळीच्या प्रत्येक कडीकडे. पूर्वी ती टिंगल करायची त्यांची. आता ती ग्योतोकुच्या तिच्या दुकानातसुद्धा वरच्या फळीवरच्या बाटल्या खाली उतरवून ठेवते, असं तिनेच मला सांगितलं. मला त्याचं हसू आलं नाही.

वसंतात गाडी शाकेनला गेली. शाकेन म्हणजे तिथली गाडीची सक्तीची तपासणी, आणि अशी धेडगुजरी गाडी म्हटल्यावर तर ते कसून बघतात.  तपासनीस वाकून चासीचा नंबर बघायला गेला आणि बोटावर लाल घेऊन उठला. नंबराच्या खाचांत कुंकू अजून तसंच होतं. धुऊनही निघालं नव्हतं, की भाऊजींनी धुतलंच नव्हतं, कोण जाणे. तपासनीसाने विचारलं, हा कसला रंग? भाऊजींना सगळं जपानी विसरायला झालं. सुनीता पुढे झाली आणि म्हणाली, "ओमामोरी देस." देवळातून आणून जवळ बाळगतात तो रक्षणाचा ताईत, त्याला ते ओमामोरी म्हणतात. तपासनीसाने बोटाकडे बघितलं, एकदा किंचित वाकला, आणि पुढच्या चाकाकडे गेला.

गाडी पास झाली. आम्ही चौघं तिच्यातून समुद्रापर्यंत गेलो. भाऊजींनी ती इतकी हळू चालवली की मागून सायकलवाल्या आजीबाई पुढे निघून गेल्या. छप्पर खरंच मजबूत होतं. पण त्याच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. दर वळणाला त्यांची नजर शेजारच्या सीटवर जायची. आता ते कुणाच्याही घरी गेले की दारात थांबून आधी सुनीता कुठे आहे ते बघायचे, मग बूट काढायचे.

पुढे मंदी आली आणि त्यांचा प्रोजेक्ट बंद झाला. ती दोघं पुण्याला परतली. गाडी होशिनो आजोबांकडे राहिली. विमानतळावर भाऊजींनी मला सांगितलं, "वैनी, आजोबांना म्हणा, घोडे काढू नका." घोडे आता कशाला लागणार होते? गाडी चाकांवर उभी होती. पण मी हो म्हटलं, आणि आजोबांना सांगितलंसुद्धा.

भूकंपाला तोंड द्यायला गाडी बांधणारा हा माणूस शेवटी पुण्यात, एका डासाने गेला. डेंग्यू. चार दिवस ताप, मग प्लेटलेट्स उतरल्या, मग हॉस्पिटल. आम्हाला फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढच्या सुट्टीत मी एकटीच सुनीताला भेटायला गेले.

तिच्या घरी मी पंख्याखालच्या खुर्चीत बसले. ती आतून पाणी घेऊन आली, दारातच थांबली, वर बघितलं. "ताई, इकडे भिंतीला बसा."

"अगं, नुसता पंखा आहे."

"हो," ती म्हणाली, तरी खुर्ची सरकवलीच. मग समोर बसली. "आमची वाटणीच झाली होती ताई, त्या दिवसापासून. त्यांनी माझ्याकडे बघायचं आणि मी वर. कधी बोललो नाही त्याबद्दल, पण झाली होती."

मी पाणी प्यायले.

"हॉस्पिटलमध्येही मी वरच बघत होते," ती म्हणाली. "बाटली लावली होती ना प्लेटलेट्सची. थेंब पडतोय का, नळी अडकली नाही ना, तेच बघत बसले. पडत होता थेंब, व्यवस्थित. मग नर्स आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खाली बघितलं." तिने पदर तोंडाला लावला. "ते माझ्याकडेच बघत होते, ताई. तसेच. कधीपासून बघत होते ते मला माहीत नाही."

मी खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली जाऊन बसले. तिचा डावा हात माझ्या हातात घेतला. वर पंखा फिरत होता. त्याच्याकडे आम्ही दोघींनी बघितलं नाही.